एक शिळावर्तुळ, दोन छेद: मॉडेलच्या कामाच्या नोंदी

१४ फेब्रुवारी

वाचनालयाच्या कार्यकारिणीने होकार दिला. वाचनकक्षाच्या भिंतीलगत दोन पेट्या ठेवायच्या. दोन्हींत नागपूरकडच्या शिळावर्तुळाचा, म्हणजे कडेने दगड मांडून आत माणसं पुरलेल्या जुन्या दफनाचा, उभा छेद. डाव्या पेटीत १८६०-७० च्या सुमारास साहेबलोक ही वर्तुळं जशी उकरायचे तसं उकरलेलं वर्तुळ, उजवीकडे शंभर वर्षांनंतरच्या पद्धतीने खोदलेलं. वर्तुळ तेच, खोदणारा वेगळा. निधी वाचनालयाचा, मजुरी माझी. ती फुकट.

नोंदी ठेवतोय, कारण असं मॉडेल करायचं म्हणून शोधलं तर किल्ल्यांची शेकड्याने सापडतात, मातीच्या थरांचं एकही मिळालं नाही. दुसऱ्या कुणी हे काम हाती घेतलं तर त्याचा तरी वेळ वाचावा.

नोकरीभर बांधकाम खात्यात आरेखक होतो. रस्त्याचे, मोरीचे, धरणाच्या भिंतीचे छेद काढण्यात आयुष्य गेलं. म्हणून हे सोपं जाईल अशी समजूत आहे. बघू.

२ मार्च

वाचन. जुनापाणीची वर्तुळं रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये उकरली. हा माणूस कापूस आयुक्त. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस बघत हिंडायचा आणि हिंडताना हे. त्याचा लेख १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच्याच काळात मेजर पीअर्सने कामठीच्या छावणीजवळ वारेगावचं एक मोठं वर्तुळ फोडलं, तेही १८६७ च्या आसपास.

लेख वाचायला मजा येते. कुऱ्हाडी, भाले, घोड्याच्या तोंडातल्या कड्या, बांगड्या, सगळ्यांची वर्णनं आणि चित्रं. दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांवर तर साहेबाचा विशेष जीव. स्कॉटलंडमधल्या दगडांवर तसेच खळगे आहेत, सर जेम्स सिम्प्सन यांनी त्यांची नोंद केली होती, मग हे आणि ते लोक एकच तर नव्हेत? काटोल रस्त्यावरच्या उन्हात उभं राहून त्यांना आपलं घर दिसत होतं. त्या पिढीत सगळ्यांना सिथियन नाहीतर केल्ट, म्हणजे तिकडचेच प्राचीन लोक, दिसायचे.

पण मला मॉडेल करायचंय आणि मॉडेलला कुऱ्हाड कुठेतरी ठेवावी लागते. किती खोल? मध्यापासून किती फूट? पात्याचं तोंड कुणीकडे? शेजारी मडकं होतं की हाड? त्या पिढीच्या अहवालांत वस्तूचं माप असतं, जागेचं क्वचितच. वहीत दोन रकाने आखले होते, ‘वस्तू’ आणि ‘जागा’. पहिला भरत चाललाय.

१७ मार्च

जुनापाणी. सकाळी लवकर निघालो, दहानंतर तिथे उभं राहवत नाही. सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. माळ खडकाळ, मुरमाड. शेतीला न येणारी जमीनच या लोकांनी मेलेल्यांसाठी निवडली होती. नागपूरभोवती माहुरझरी, टाकळघाट, खापा, नैकुंड, जिथे जिथे ही वर्तुळं आहेत तिथे जवळ पाणी आणि वर्तुळांखाली नापीक जमीन, असंच साधारण दिसतं.

बाहेरून फक्त टेप लावला. जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथला दगड काय, मूठभर मातीही उचलायची नाही. स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत खोदकाम-बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीचे, हे कायद्यात स्पष्ट आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण मॉडेलसाठी ‘तिथलीच’ माती आणा असा सल्ला मला वाचनालयातच मिळाला.

वर्तुळांचे व्यास साधारण दहा ते वीस मीटर. मॉडेलसाठी बारा मीटर धरलं. कडेचे दगड काळे, बेसॉल्टचे, ऊनपावसाने झिजून गोलसर झालेले. मधला भाग आजूबाजूपेक्षा उंच, पण जेमतेम. लांबून बघणाऱ्याला टेकाड म्हणून दिसणारच नाही. काही वर्तुळं मधोमध खचलेली आहेत, बशीसारखी.

खळगे बघायचे असतील तर दुपारी जाऊ नका. उन्ह डोक्यावर असताना दगड सपाट दिसतो. सूर्य कलला, तिरपा उजेड पडला की एकेक खळगा उठून येतो, ओळीत, जोडीत. त्यात खडू भरून फोटो काढणारे भेटले. तसं करू नये, दगडाचा पापुद्रा सुटतो.

शेळ्या चारणारे एक आजोबा बराच वेळ माझा टेप बघत होते. म्हणाले, “हे गवळ्यांचे वाडे होत बाप्पा. ढोरं बांधत. कायले मोजून राह्यले तुम्ही?” गवळी राजांची ही गोष्ट या भागात जुनी आहे. मी म्हटलं, आत माणसं पुरलेली आहेत. ते म्हणाले, “असतीन. गवळीबी मरतच असतीन ना.”

६ एप्रिल

पहिली पेटी बाद. १:२० प्रमाण धरलं होतं. बारा मीटरचं वर्तुळ साठ सेंटिमीटर, पेटी आटोपशीर, टेबलावर मावणारी. पण मातीचा दहा सेंटिमीटरचा थर मॉडेलमध्ये अर्धा सेंटिमीटर होतो आणि वाचनकक्षातली निम्मी मंडळी साठीपुढची. कुणाला काय दिसणार?

उंचीचं प्रमाण वेगळं घ्यावं, आडवं १:२० आणि उभं १:१०, असा मोह झाला. रस्त्याच्या लांबछेदात आम्ही हे रोज करायचो. इथे नको म्हटलं. या वर्तुळाचं वैशिष्ट्यच हे की ते बुटकं आहे. ते ताणून टेकडी केली तर वर्तुळाबद्दलच खोटं सांगितल्यासारखं होईल.

१:१५ केलं. आता वर्तुळ ऐंशी सेंटिमीटर, जमिनीवरचा भराव सहा-सात सेंटिमीटर, आणि साठ सेंटिमीटरचा धोंडा म्हणजे चार सेंटिमीटरचा दगड. हे मापात आलं. बारा एमएम प्लायचा कापलेला तुकडा वाया गेला, सुमारे साडेसहाशे रुपये. पेटीचा पुढचा भाग उघडा, तिथे ॲक्रिलिकची शीट. अर्धवर्तुळ मागे, छेद समोर.

२१ एप्रिल

माती. या वर्तुळांत दगडगोट्यांबरोबर काळी चिकण माती भरलेली असते. माळ मुरमाचा, म्हणजे ही माती दुसरीकडून आणून टाकलेली. मामेभावाच्या शेतातून, कपाशीच्या धुऱ्याजवळून दोन पोती काळी माती आणली. चाळली, भिजवली, चाचणी म्हणून एका ट्रेमध्ये थापली. खाली पिवळा मुरूम, वर काळी, मधोमध गोटे. वरच्या थरात खापरांसाठी विटेचे कण आणि अकीक मण्यांसाठी लाल पोत पेरली. माहुरझरीला मणी घडवले जात, म्हणून पोत.

नागपूरचा एप्रिल. ट्रे गच्चीवर ठेवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर पार चिरफाळ्या. बोट जाईल एवढ्या भेगा, कडेपासून माती सुटून आत ओढली गेलेली. काळी माती आटते हे विदर्भात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

ट्रे फेकायच्या आधी तोडून बघितला. वरच्या थरात पेरलेल्या पोतीतले कितीतरी मणी मुरमावर जाऊन बसले होते. भेगेतून सरळ खाली.

४ मे

त्या ट्रेने दोन आठवडे डोक्यात घर केलं.

शेतात काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हात-दीड हात सहज खोल जातात, कधी त्याहून जास्त. त्यांत वरचं काहीही पडतं. पहिला पाऊस आला की माती फुगते आणि भेग मिटते, मागमूस राहत नाही. असे अडीच हजार उन्हाळे. म्हणजे कुणी वरून खाली खड्डा घेत गेला आणि ‘तीन फुटांवर मणी’ लिहिलं, तरी तो मणी तीन फुटांवर ठेवलेला होता की तिथवर घरंगळला, हे नुसत्या खोलीवरून कळणार नाही. ते कळायला खड्ड्याची उभी भिंत साफ तासून बघावी लागते. भेग मिटली तरी तिच्यातली माती थोडी सैल, थोड्या वेगळ्या रंगाची असते आणि तासलेल्या भिंतीत ती वरून खाली निमुळत्या पाचरीसारखी दिसते.

म्हणून उजव्या पेटीत भेग दाखवायचीच असं ठरलं. मूळ आराखड्यात ती नव्हती.

मिश्रण बदललं. काळी माती दोन भाग, क्रशरची चुरी दोन भाग, लाकडाचा भुसा अर्धा भाग, पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल. रंग करडा पडला, तो थोड्या काळ्या ऑक्साईडने परत आणला. एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर टाकायचा नाही. प्रत्येक थर सावलीत, ओल्या पोत्याखाली वाळवायचा. वेळ खूप जातो. भेगा जवळजवळ थांबल्या.

१९ मे

कडेचे दगड. चाळीस एमएमची गिट्टी मापात तंतोतंत बसते, बेसॉल्टच असते आणि ट्रॉलीवाल्याने पिशवीभर फुकट दिली. लावून बघितली, विद्रूप दिसली. क्रशरमधून निघालेला दगड धारदार, कोनाकोनांचा. जुनापाणीचे धोंडे हातात घ्यावेसे वाटतील इतके गोलसर. शेवटी धुऱ्यावरचे गोटे निवडून आणले. दोन पेट्यांना पुरतील इतके एका मापाचे गोटे निवडणं हे कंटाळवाणं काम आहे, पोरांना लावा. खळगे ड्रिलच्या गोल बिटने, एकाच दगडावर. सगळ्या दगडांवर खळगे नसतातच.

२ जून

मॉडेलमध्ये कुऱ्हाड सव्वा सेंटिमीटरची होते. खिळा ठोकून, कापून केली, मिठाच्या पाण्यात गंजवली, झकास झाली. आधी जस्ताचा पत्रा घेतला होता, तो काही केल्या गंजत नाही. अर्थातच नाही. त्यासाठीच त्याला जस्त लावलेलं असतं.

पण एवढीशी वस्तू बघून कुणाला काही कळणार नाही, म्हणून एक कुऱ्हाड पूर्ण मापाची करून घ्यायची ठरली. विदर्भातल्या या वर्तुळांची ती ओळखच आहे. सपाट लोखंडी पातं आणि त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्यांची कडी. रिव्हेट-कार्नॅकच्या चित्रांत आहे, पुढे शां. भा. देव यांनी माहुरझरी, टाकळघाट-खापा इथे खोदलं तिथेही मिळाली.

रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या लोहारकाकांना चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

“याले नेढंच नाही. मंग दांडा बसवाचा कुठं?”

मी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं. दांडा टोकाला चिरायचा, त्या चिरेत पातं घालायचं आणि वरून लोखंडी पट्टी आवळायची. पट्टी लालभडक असताना चढवायची म्हणजे निवताना आकसते आणि चिमट्यासारखी धरते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसंच. काकांच्या वडिलांनी धावा चढवलेल्या आहेत.

पहिल्यांदा त्यांनी ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला, कारण हाताशी तोच होता. पात्याला ठीक. पट्टी मात्र वाकवून पाण्यात बुडवताच तडकली. कमानीचं पोलाद कडक. मग दुकानातून साधी एमएसची, म्हणजे मऊ पोलादाची, पट्टी आणली, पाच एमएम जाड. ती भात्यासमोर तापली, काकूंनी घण मारला, काकांनी सांडशीत फिरवली आणि एका तापात कडी झाली. दांड्यावर चढली तेव्हा लाकूड चरचरलं, धूर निघाला. निवल्यावर मी दोन्ही हातांनी पातं हलवायचा प्रयत्न केला. हललं नाही. काकांनी बाभळीच्या ओंडक्यावर चार घाव घातले आणि म्हणाले, “बुद्धी होती जी त्याईले.”

त्या लोकांचं लोखंड मऊ, भट्टीतून काढून ठोकून ठोकून केलेलं. नैकुंडला १९७८-८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच मिळाली आहे. नेढं पाडायला पातं जाड लागतं, लोखंड जास्त लागतं. पट्टीत काम भागतं. हे काकांचं मत आहे, मला पटलं. कुऱ्हाड आणि कडी मिळून बाराशे रुपये दिले. त्यांनी हजार सांगितले होते.

१६ जून

आता वस्तू मांडायच्या. उजवी पेटी सोपी गेली. वर्तुळ खोदायची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे त्याचे चार भाग करायचे, मधोमध अधिकच्या चिन्हासारखी न खोदलेल्या मातीची भिंत ठेवायची आणि समोरासमोरचे भाग उतरवत न्यायचे. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४७ मध्ये कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला महाश्मयुगीन, म्हणजे अशीच मोठे दगड मांडून केलेली, दफनं खोदली. त्याच्या हाताखाली तयार झालेले बी. के. थापर यांनी १९६१ मध्ये जुनापाणीला वर्तुळं खोदली. एकात घोड्याच्या जातीच्या प्राण्याचे अवशेष मिळाले. पेटीच्या समोरच्या बाजूला ती राखलेली भिंतच येते. मुरूम, त्यातला उथळ खड्डा, काळ्या मातीचे थर, गोट्यांचा भराव, मिटलेली भेग. वस्तू त्या-त्या थरात. हाडं थोडी आणि विस्कळीत, कारण यांतली बरीच दफनं नंतर गोळा करून आणलेल्या हाडांची असतात. काळी-तांबडी खापरं पायथ्याशी.

डाव्या पेटीत अडलो. वर्तुळाच्या मध्यातून मोठा खड्डा, बाजू उतरत्या, शेजारी उकरलेल्या मातीचा ढीग, ढिगात फुटकी खापरं. इथवर झालं. लोखंडी वस्तू कुठे ठेवायच्या?

पहिल्यांदा खड्ड्याच्या तळाशी ठेवल्या. छान दिसत होत्या. एक कुऱ्हाड, भाल्याचं पातं, घोड्याची कडी, शेजारी शेजारी, जणू कुणी आत्ताच मांडून गेलंय. दोन दिवस तशाच होत्या. मग वाटायला लागलं की ही मांडामांड माझी आहे. कुऱ्हाड डोक्याशी होती की पायाशी, घोड्याची कडी माणसाच्या हाडांजवळ की घोड्याच्या जबड्यात, यावर तर सगळं अवलंबून. जबड्यात असेल तर घोडा मालकाबरोबर पुरला. सुटी असेल तर नुसतं सामान ठेवलं. मी ती नुसतीच ‘शोभते तिथे’ ठेवली होती. पेटी बघणारा तेच खरं धरून घरी जाणार.

काढून टाकल्या. आता त्या पेटीबाहेर एका लाकडी ट्रेमध्ये, कापसावर. संग्रहालयात असतात तशा. चिठ्ठी: ‘या वर्तुळातल्या वस्तू. वर्तुळात कुठे होत्या, ते लिहिलेलं नाही.’ खड्डा रिकामा.

कापूस मुद्दाम ठेवला. कापूस आयुक्त ना.

२२ जून

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचं म्हणणं पडलं की हे अन्याय करणारं आहे, त्या काळी कुणालाच छेद काढायची अक्कल नव्हती, साहेबांना दोष का देता. म्हणून टेलरची नोंद इथे करतो.

फिलिप मेडोज टेलर. निजामाच्या नोकरीतला अधिकारी. १८४० च्या दशकापासून शोरापूर संस्थानचा कारभार बघत होता, पुढे १८५३ नंतर नळदुर्ग जिल्हा त्याच्याकडे आला, म्हणजे आपला धाराशिवकडचा भाग. या माणसाने भीमेकाठच्या जेवरगीजवळची शिळावर्तुळं खोदली. त्यालाही ती केल्ट-सिथियन लोकांचीच वाटली, धडापासून वेगळी झालेली डोकी मिळाली तेव्हा नरबळी असणार असंही त्याने लिहून टाकलं. पण त्याने छेद काढले. दगड कुठे, मातीचे थर कुठे, सांगाडे कोणत्या पातळीला, हे उभ्या चित्रात. रिव्हेट-कार्नॅकच्या दहा-पंधरा वर्षं आधी. शंभर वर्षांनंतर व्हीलरने त्याचे छेद नमुना म्हणून दाखवले.

मी ते चित्र धंद्याच्या नजरेने बघितलं. रेघ साधी आहे, सजावट नाही. कामावरच्या ओव्हरसियरच्या हातात दिलं असतं तर त्याने परत मॉडेल उभं केलं असतं. आणि टेलरचे निष्कर्ष चुकीचे ठरले तरी चित्रावरून दुसरं कुणी वेगळा निष्कर्ष काढू शकतं. तेव्हा अक्कल होती. सगळ्यांनी वापरली नाही एवढंच.

टेलरच्या छेदाची प्रत दोन्ही पेट्यांच्या मधोमध भिंतीवर लावायचं ठरलं. सदस्यांचं समाधान झालं, किंवा ते चहाला उठले.

६ जुलै

बुरशी. दोन पाऊस झाले आणि उजव्या पेटीत ॲक्रिलिकच्या आतून पांढरी लव चढली. कारणं दोन. एक, भुसा. बुरशीला खायला आयता मिळाला. दोन, शीट मातीला अगदी चिकटवून लावली होती, आतली ओल बाहेर जायला वाटच नव्हती. सकाळी शीटवर घाम धरायचा.

समोरचा दोन सेंटिमीटरचा भाग पूर्ण खरवडला. भुसा बंद, त्याऐवजी चुरी वाढवली. मिश्रणात बोरिक पावडर घातली, कॅरम बोर्डावर टाकतात तीच. पेटीच्या मागच्या फळीला भोकं पाडून जाळी ठोकली. शीट आता मातीपासून एक सेंटिमीटर पुढे, लाकडी पट्टीवर. थोडी चमक येते, ओल येत नाही. ॲक्रिलिकचा कागद शेवटच्या दिवसापर्यंत काढू नये. मी काढला होता, चरे पडले ते पडले.

खरवडताना जुनी भेग गेली, ती परत केली. दुसऱ्या खेपेला बरी जमली. सुरीने पाचर कापून तिच्यात थोडी फिकट, सैल माती भरायची आणि तळाशी एकच लाल मणी. मुलं तो मणी शोधतात असा अंदाज आहे.

२८ जुलै

टाकळघाटची फेरी रद्द. वर्तुळांचे पावसाळ्यातले फोटो हवे होते, पण बुटीबोरीकडच्या नाल्यांना पूर आहे.

या फेरीसाठी पुराची भीती धरावीच. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ, सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची हीच वर्तुळं बघायला गेले होते. परतताना बोरीच्या शाळेत थांबले, मागे राहिले. रात्री घोड्यावरून नाला ओलांडताना पुरात वाहून गेले. त्यांचे कागद पुढे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. टाकळघाटच्या वर्तुळांचं व्यवस्थित उत्खनन व्हायला त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं गेली.

माझे फोटो ऑक्टोबरमध्ये.

११ ऑगस्ट

पेट्या जागेवर. दोन माणसांनी एक पेटी उचलवत नाही, चौघं लागतात. मातीचं वजन आधी धरा. टेबल सागवानी निघालं म्हणून बरं.

पहिल्या दिवशीची गर्दी सगळी ट्रेपाशी. लोकांना तिथली पूर्ण मापाची कुऱ्हाड आवडते, हात लावून बघता येते, दांडा धरून उचलता येते. पेट्यांकडे मग वळतात. डावी पेटी बघून सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, हे पूर्ण व्हायचंय का अजून?” शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावाने चिठ्ठी वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग परत खोदून बघायचं ना.” मी म्हटलं, तेच वर्तुळ दुसऱ्यांदा खोदता येत नाही, माती एकदा उलटली की थर गेले. “मग दुसरं खोदायचं.” दुसरी आहेत, हे खरंच आहे. माळावर अजून बरीच बंद आहेत. पण घरं आणि रस्ते जवळ आलेत, आणि प्रत्येक खोदलेल्या वर्तुळाबरोबर एक कमी होतं, म्हणून पुरातत्त्ववाले हल्ली सगळं न खोदता काही राखून ठेवतात. हे तिला सांगितलं. तिला मणी सापडला होता, तिचं लक्ष तिकडे.

हिशेब. प्लाय, बाद झालेल्या तुकड्यासह, चोवीसशे. ॲक्रिलिक दोन शीट, एक चरे पडल्यामुळे बदलली, म्हणून तीन, सत्तावीसशे. फेविकॉल, ऑक्साईड, बोरिक पावडर मिळून अकराशेच्या घरात. लोहारकाका बाराशे, एमएसची पट्टी दीडशे. चिठ्ठ्या आणि टेलरच्या छेदाची मोठी प्रत चारशे. माती, गोटे, चुरी फुकट, पण पेट्रोल आणि मामेभावाकडची मिसळ धरली तर तेही फुकट नाही. सगळ्यात महाग गेला तो वाळवण्याचा वेळ. पुन्हा करायचं झालं तर थर टाकायचं काम नोव्हेंबरात घेईन, हवा कोरडी आणि ऊन सोसवणारं.

राहिलेली कामं: डाव्या पेटीतल्या मातीच्या ढिगाला वरून अजून एक हात फेविकॉलचा, मुलं बोटं घालतात. वरचं काचेचं झाकण बाकी आहे. सुतार पोळा झाल्यावर येतो म्हणाला आहे.